निवडुंगाचा वैरी

शेतात पेरलेल्या धान्याबरोबर न पेरलेली रोपेही उगवतात. ती पिकाच्या वाट्याचे पाणी पितात, पिकाच्या वाट्याचे खत खातात आणि पिकाला झाकून टाकतात. ‘तण खाई धन’ असे शेतकरी म्हणतो, ते उगीच नव्हे. म्हणून हाती खुरपे घेऊन तो पावसाळाभर तणाशी झगडत असतो. परंतु एखादे तण असे येते की त्याच्यापुढे खुरपे, कुऱ्हाड आणि नांगर ही तिन्ही साधने थिटी पडतात. असे एक तण शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया खंडात माजले होते. माणसांच्या हातून जे झाले नाही, ते अखेर एका क्षुद्र अळीने करून दाखविले. त्या अळीची ही हकिकत आहे.

ते तण म्हणजे फड्या निवडुंग. हातपंज्याएवढे जाड, हिरवे, रसाळ फडे, त्यांवर जागोजागी काटे आणि माथ्यावर लालसर फळे, असे त्याचे रूप आहे. त्याचे मूळ घर अमेरिका. तेथून माणसानेच त्याला देशोदेशी नेले. १७८८ साली इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात पहिली वसाहत केली, तेव्हा त्यांनी वाटेत ब्राझीलमधून निवडुंगाची काही झाडे गलबतावर घेतली होती. एका जातीच्या निवडुंगावर कोचिनील नावाचे बारीक किडे वाढतात आणि त्यांपासून सुंदर किरमिजी रंग मिळतो. सैनिकांच्या लाल डगल्यांसाठी तो रंग हवा होता. रंगाचा बेत फसला. निवडुंगाची झाडे मात्र त्या भूमीत राहिली.

पुढे आणखी एका जातीचा निवडुंग त्या देशात आला. १८३९ च्या सुमारास न्यू साउथ वेल्समधील स्कोन या गावी त्याचे एक रोप कुंडीतून नेण्यात आले. ते दिसण्यात छान होते. त्याचे फडे तोडून लावले की काटेरी कुंपण आपोआप तयार होई, आणि दुष्काळात गुरांना तेवढाच चाराही मिळे. म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याला फडे दिले, गावाने गावाला दिले. जो तो निवडुंग आनंदाने लावीत होता. आपण कुंपण लावीत नसून संकट लावीत आहोत, हे कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

निवडुंगाने हळूहळू हातपाय पसरले. त्याचा एक तुकडा जमिनीवर पडला तरी त्याला मुळे फुटतात. त्याची फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. पुराच्या पाण्याबरोबर फडे वाहत जातात आणि नदीकाठी रुजतात. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन प्रांतांत पाहता पाहता कुरणे नाहीशी झाली, शेते झाकली गेली, रस्ते बुजले. वर्षाला सुमारे दहा लाख एकर नवी जमीन निवडुंगाखाली जाऊ लागली. १९२५ सालापर्यंत सुमारे सहा कोटी एकर जमीन त्याने व्यापली. त्यांपैकी निम्म्या जमिनीवर तर तो इतका दाट होता की माणसालाच काय, पण गुरालाही आत शिरता येत नसे.

शेतकरी मेटाकुटीस आले. त्यांनी निवडुंग तोडला, जाळला, खणून पुरला. तोडलेल्या तुकड्यांतून नवी झाडे उगवली. सोमलाची आणि गंधकाम्लाची फवारणी केली. त्यात पैसा गेला, ते विष हाताळणाऱ्यांच्या जिवाला घोर लागला. आणि विष घालून साफ केलेल्या जमिनीची किंमत तेथे ओतलेल्या विषाच्या किमतीपेक्षाही कमी, असा उफराटा हिशेब होऊ लागला. फळे खाऊन बिया पसरवितात म्हणून एमू आणि कावळे यांना मारणाऱ्यास सरकारने इनाम लावले. त्या बिचाऱ्या पक्ष्यांचा फुकट संहार झाला, निवडुंग मात्र वाढतच राहिला. निवडुंगावर रामबाण उपाय सांगणारास सरकारने मोठे बक्षीसही जाहीर केले. पण ते जिंकणारा कोणी पुढे आला नाही. अखेर कित्येक कुटुंबांनी हातांनी बांधलेल्या घरांवर आणि कसलेल्या जमिनींवर पाणी सोडले आणि दुसरीकडची वाट धरली. त्यांच्या मागे त्यांच्या अंगणात निवडुंग उगवला.

तेव्हा काही विचारी लोकांच्या मनात एक साधा प्रश्न आला. हा निवडुंग अमेरिकेतही आहे. मग तेथे तो असा का माजत नाही?

उत्तरही तितकेच साधे होते. अमेरिकेत निवडुंगाला वैरी आहेत. कोणी किडा त्याचे फडे पोखरतो, कोणी त्याचा रस शोषतो, कोणी त्याची फळे नासवितो. हजारो वर्षे ही वनस्पती आणि तिचे हे वैरी एकत्र नांदत आले आहेत. निवडुंग वाढला की किडे वाढतात. किडे वाढले की निवडुंग घटतो. अशा रीतीने दोघांचेही प्रमाण राखले जाते. ऑस्ट्रेलियात आणताना माणसाने निवडुंग तेवढा आणला. त्याचे वैरी मागेच राहिले. मग त्या मोकळ्या रानात त्याला अडविणार कोण? तेव्हा उपाय एकच दिसत होता. ज्या घरून निवडुंग आला, त्याच घरून त्याचा वैरी शोधून आणावयाचा.

या विचाराला एक आधारही होता आणि तो भारतात मिळाला होता. १७९५ साली ब्राझीलमधून कोचिनीलचे किडे बंगालमध्ये आणले गेले. हेतू अर्थातच किरमिजी रंगाचा होता. परंतु आणलेले किडे उत्तम रंग देणाऱ्या जातीचे नव्हते. दुसऱ्याच जातीचे निघाले. रंगाच्या दृष्टीने ते वाया गेले. पण ते एका जातीच्या निवडुंगावर पसरले आणि त्यांनी तो निवडुंग वाळवून टाकला. ही गोष्ट लक्षात आल्यावर एकोणिसाव्या शतकात ते किडे मुद्दाम दक्षिण भारतात आणि नंतर सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, नेण्यात आले. एखादे तण मारण्यासाठी माणसाने बुद्ध्या कीटक नेल्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानतात.

१९१२ साली क्वीन्सलँडच्या सरकारने दोन शास्त्रज्ञांना जगप्रवासाला धाडले. त्यांची नावे हार्वे जॉन्स्टन आणि हेन्री ट्रायन. निवडुंगाचे वैरी शोधीत ते दोघे देशोदेशी हिंडले, भारतातही आले. भारतात आणि सिंहलद्वीपात नाव मिळविलेला तो कोचिनीलचा किडा क्वीन्सलँडमध्ये नेऊन सोडण्यात आला. त्याने एका जातीचा निवडुंग पार नाहीसा केला. परंतु ज्या जातीने कोट्यवधी एकर गिळले होते, तिला त्याने तोंडसुद्धा लावले नाही. यावरून एक मोलाचा धडा मिळाला : प्रत्येक कीटकाचे भक्ष्य ठरलेले असते. निवडुंग तितक्या जाती. म्हणून त्या त्या जातीचा वैरी नेमका हुडकला पाहिजे.

याच प्रवासात अर्जेंटिना देशात एका पतंगाच्या अळ्या निवडुंग फस्त करताना आढळल्या होत्या. त्या पतंगाचे शास्त्रीय नाव कॅक्टोब्लास्टिस. १९१४ साली त्याच्या काही अळ्या ऑस्ट्रेलियात आणल्या गेल्या, पण त्या जगल्या नाहीत. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. युद्ध संपल्यावर, १९२० साली, निवडुंगाच्या निर्मूलनासाठी सरकारांनी एक स्वतंत्र मंडळ स्थापन केले. त्या मंडळातर्फे ॲलन डॉड नावाचा तरुण कीटकशास्त्रज्ञ अमेरिकेत गेला. १९२५ साली त्याने अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिसची सुमारे ३,००० अंडी आगबोटीने रवाना केली. वाटेत अळ्यांची उपासमार होऊ नये म्हणून पेट्यांत निवडुंगही भरला होता. कित्येक आठवड्यांचा प्रवास करून मे महिन्यात त्या पेट्या ब्रिस्बेन शहरी पोहोचल्या. या वेळी अळ्या जगल्या.

हा पतंग दिसावयास अगदी साधा. रंगाने करडा, रात्री उडणारा. पंख फुटल्यावर तो काही खातही नाही. अंडी घालणे एवढेच त्याचे काम. त्याची मादी एका अंड्यावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे अशी सत्तर-ऐंशी अंडी एकावर एक रचते. त्यांची बारीक काडी निवडुंगाच्या काट्यावर किंवा फड्यावर चिकटलेली असते. ती इतकी हुबेहूब काट्यासारखी दिसते की हाही एक काटाच, असे वाटावे. काही दिवसांनी त्या काडीतून इवल्याशा अळ्या बाहेर पडतात. निवडुंगाची साल चिवट असते. एकट्यादुकट्या अळीचा तिच्यापुढे निभाव लागणे कठीण. म्हणून सगळ्या भावंडांची मिळून एकाच ठिकाणी चढाई होते. एक भोक पडले की त्या वाटेने साऱ्या आत शिरतात. आतला गर खाऊन त्या फडा पोकळ करतात आणि पुढच्या फड्यात जातात. त्यांनी पाडलेल्या वाटांनी सूक्ष्म जंतू आत शिरतात आणि उरलेला निवडुंग कुजून जातो. पुरत्या वाढल्यावर या नारिंगी रंगाच्या, काळे ठिपके असलेल्या अळ्या खाली उतरतात आणि पालापाचोळ्यात कोष करतात. त्यांतून पुन्हा पतंग निघतात. क्वीन्सलँडमध्ये वर्षातून अशा दोन पिढ्या होतात.

परंतु पेट्या आल्याबरोबर पतंग मोकळे सोडले असते, तर तो अविचार ठरला असता. ज्या कीटकाला निवडुंग आवडतो, त्याला उद्या गहू आवडू लागला तर? निवडुंग संपल्यावर त्याने फळबागांकडे मोर्चा वळविला तर? एका संकटाच्या निवारणासाठी दुसरे संकट घरात घेतल्यासारखे होईल. एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. म्हणून मंडळाने कडक नियम घालून दिला होता. बंद पिंजऱ्यांत कीटकांपुढे निरनिराळी पिके, भाज्या आणि फळझाडे ठेवीत. निवडुंग मात्र देत नसत. इतर वनस्पतींवर जो कीटक पोसला जाई, तो नापास. कॅक्टोब्लास्टिसच्या अळ्या उपाशी मेल्या, पण निवडुंगाच्या कुळाबाहेरच्या कोणत्याही वनस्पतीवर वाढल्या नाहीत. तेव्हा कोठे त्यांना पिंजऱ्याबाहेर पडण्याची परवानगी मिळाली.

तीन हजार अंड्यांपासून पहिल्याच पिढीत एक लाखाहून अधिक अंडी मिळाली. दुसऱ्या पिढीत ती संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली. १९२६ साली निरनिराळ्या ठिकाणी निवडुंगावर अंडी सोडण्यास आरंभ झाला. चिंचिला या गावाजवळच्या केंद्रात पतंगांची पैदास मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. अंड्यांच्या काड्या कागदात घालून शेतकऱ्यांकडे पाठवीत आणि शेतकरी ते कागद टाचणीने निवडुंगावर टोचीत. पुढच्या काही वर्षांत मिळून सुमारे ३०० कोटी अंडी वाटण्यात आली.

मग जे घडले, ते पाहणाऱ्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. माणसाच्या उंचीचे दाट निवडुंगबन पिवळे पडू लागले, वाकले आणि कुजून जमिनीवर कोसळले. १९३२ सालापर्यंत बहुतेक मोठी बने भुईसपाट झाली. परंतु लढाई अजून संपली नव्हती. खाद्य संपल्यामुळे असंख्य अळ्या उपासमारीने मेल्या. जमिनीत उरलेल्या खुंटांना धुमारे फुटले आणि निवडुंग पुन्हा डोके वर काढू लागला. शेतकऱ्यांच्या पोटात भीतीचा गोळा उठला. पण निवडुंग वाढताच उरलेल्या पतंगांना खाद्य मिळाले, त्यांचीही संख्या वाढली, आणि थोड्याच काळात त्यांनी निवडुंगाला दुसऱ्यांदा नमविले. तेव्हापासून दोघांचे प्रमाण स्थिरावले. निवडुंग त्या देशातून समूळ नाहीसा झालेला नाही. कोठे कोठे त्याची झाडे आढळतात. त्यांच्या आसपास त्यांचे वैरीही आहेत. म्हणूनच तो पूर्वीसारखा माजत नाही.

सोडलेल्या घरांकडे माणसे परतली. जेथे निवडुंगाचे रान होते, तेथे पुन्हा गुरे चरू लागली आणि शेते पिकू लागली. चिंचिलाजवळच्या बूनार्गा या लहानशा वस्तीत शेतकऱ्यांनी १९३६ साली एक सभागृह बांधले. सभागृहाला राजाचे नाव देतात, सेनापतीचे देतात. या सभागृहाला मात्र त्या पतंगाचे नाव आहे : ‘कॅक्टोब्लास्टिस स्मारक सभागृह’.

या यशाने हुरळून जाऊन चालणार नाही, हेही त्याच प्रांतात लवकरच दिसून आले. १९३५ साली क्वीन्सलँडमधील उसाचे भुंगेरे खाण्यासाठी हवाई बेटांतून एका मोठ्या जातीचे बेडूक आणण्यात आले. ते काय काय खातात, याची कसोटी पुरेशी घेतली गेली नाही. उसाच्या शेंड्यावरचे भुंगेरे बेडकांच्या तोंडी आले नाहीत. बेडकांनी दिसेल तो दुसरा जीव गिळला आणि त्यांच्या अंगातील विषाने त्यांना खाणारे वन्य प्राणी मेले. आज ते बेडूक हेच ऑस्ट्रेलियाचे एक मोठे संकट होऊन बसले आहे.

खुद्द कॅक्टोब्लास्टिसचीही दुसरी बाजू आहे. १९५७ साली कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर तो निवडुंगाच्या बंदोबस्तासाठी सोडण्यात आला. तेथून बेटामागून बेटे ओलांडून १९८९ साली तो अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात आढळला. त्या भूमीत निवडुंग हा उपरा नाही. तो तेथला मूळचा रहिवासी आहे. शेजारच्या मेक्सिको देशात तर निवडुंगाच्या कोवळ्या फड्यांची भाजी रोजच्या जेवणात असते आणि त्याची शेती होते. २००६ साली मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर हा पतंग दिसताच तेथील लोकांनी मोठ्या नेटाने त्याचा नायनाट केला. ज्या पतंगाचे नाव एका देशाने सभागृहाला दिले, त्याच पतंगाला दुसरा देश शत्रू मानतो. कीटक तोच, देश वेगळा, म्हणून परिणाम वेगळा.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात एक नवे तण लोकांच्या नजरेस आले. पांढऱ्या बारीक फुलांचे आणि गाजराच्या पानांसारख्या पानांचे ते गाजरगवत आज देशभर पसरले आहे. त्याच्या संपर्काने अंगाला खाज सुटते आणि कित्येकांना श्वासाचा त्रास होतो. त्याचेही मूळ घर अमेरिकाच. त्याची पाने खाणारा एक भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोतून भारतात आणला गेला आणि कसोट्या घेऊन १९८४ साली बंगलोर येथे सोडला गेला. पावसाळ्यात हे भुंगेरे गाजरगवताची पाने कुरतडून त्याच्या काड्या करतात. कोरड्या दिवसांत ते जमिनीत दडून राहतात. ऑस्ट्रेलियात निवडुंगाचा झाला तसा गाजरगवताचा पाडाव येथे झालेला नाही. म्हणून फुले येण्यापूर्वी ते उपटून टाकणे, हे काम माणसाला अजूनही करावेच लागते. तळी आणि नद्या झाकून टाकणाऱ्या जलपर्णीसाठीही असेच भुंगेरे आणले गेले आहेत.

निसर्गात प्रत्येक जिवाला त्याचा वैरी आहे आणि त्या वैरामुळेच सर्वांचा समतोल राहतो. माणसाने नकळत तो समतोल बिघडविला आणि त्याची शिक्षा भोगली. पुढे निरीक्षण, धीर आणि कसोटी यांच्या बळावर त्याने तो एका ठिकाणी पुन्हा साधला. जेथे कसोटीचा कंटाळा केला, तेथे त्याची फजिती झाली. कुंडीतले एक रोप कोट्यवधी एकर गिळू शकते आणि काट्याएवढी अंड्यांची एक काडी ते परत मिळवून देऊ शकते. म्हणून एका देशातून दुसऱ्या देशात काही नेताना, मग ते बी असो, रोप असो की किडा असो, आधी शंभरदा विचार केला पाहिजे.

शब्दार्थ

थिटी पडणे – अपुरी ठरणे. डगला – अंगरखा. सोमल – एक जहाल विष. उफराटा – उलटा. संहार – नाश. बुद्ध्या – जाणूनबुजून. उपरा – बाहेरून आलेला.

स्वाध्याय

१. ऑस्ट्रेलियातील लोकांनी प्रथम निवडुंग आनंदाने का लावला?

२. निवडुंगाच्या नाशासाठी कोणकोणते उपाय केले गेले? ते का फसले?

३. अमेरिकेत निवडुंग का माजत नाही?

४. कारणे द्या : (अ) अळ्या एकाच ठिकाणी मिळून चढाई करतात. (आ) पतंग आल्याबरोबर मोकळे सोडले नाहीत. (इ) मेक्सिकोतील लोकांनी या पतंगाचा नायनाट केला.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : हातपाय पसरणे, मेटाकुटीस येणे, पाणी सोडणे, निभाव लागणे, हुरळून जाणे.

६. आपल्या गावाच्या परिसरात आढळणाऱ्या पाच तणांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. त्यांच्या पानांवर कोणते किडे दिसतात, याचे आठवडाभर निरीक्षण करा. गाजरगवताला मात्र उघड्या हातांनी स्पर्श करू नका.